छाती ओळखणारे दादाराव

दादारावांना माणसाचा चेहरा कधी लक्षात राहिला नाही. छाती मात्र जन्मभर राहायची. अमरावतीच्या एका लग्नात नवरदेवाचे वडील नमस्कार करून उभे, आणि हे त्यांच्याकडे कोऱ्या नजरेने बघताहेत. एकाएकी ओळख पटली. "अरे, तुमी! डाव्या अंगाची चौथी बरगडी मोडलेले! जुळली काय?" पंगत उठेपर्यंत मांडवभर व्याह्यांच्या बरगडीचीच चौकशी चालली होती.

दादाराव तिथल्या इस्पितळात एक्स-रे काढत. त्या काळी वऱ्हाडात ते यंत्र नवलाचं, आणि चालवणारा त्याहून नवलाचा. "दम धरा" हे शब्द तोंडात इतके बसले होते, की टांगेवाल्यालाही तेच सांगायचे. मग "सोडा" म्हणायला विसरायचे आणि तो बिचारा लगाम ओढून बसायचा.

छातीच्या फोटोआधी ते पेशंटचे हात बघत. म्हणून अर्धी अमरावती त्यांना ज्योतिषी समजे. एका बाईने तर मुलीच्या लग्नाचा योग विचारला. "बाई, मले फक्त फुफ्फुसाचा योग समजते," दादाराव म्हणाले.

माझ्या वहिनीला मी अकोल्याहून त्यांच्याकडे नेलं, तेव्हा मात्र मला हसू येत नव्हतं. वर्षभर कोरडा खोकला आणि धाप. वैद्यांनी क्षय ठरवला होता. आईने तिला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, तिच्याच दोन वर्षांच्या बाळीला तिच्याजवळ जाऊ देत नव्हती. फोटोतही क्षय निघाला, तर वहिनीची रवानगी शेतातल्या झोपडीत व्हायची होती.

दादारावांनी तिचे हात पाहिले. बोटांची कातडी ताणून चकचकीत झालेली, मूठ मिटत नव्हती.

"थंड्या पाण्यात बोटं पांढरी पडतात काय, वैनी?"

"हो," वहिनी चकित होऊन म्हणाली. हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

ओला फोटो घेऊनच ते सिव्हिल सर्जनकडे धावले. "साहेब, क्षय बहुतेक करून वरून धरते. हे जाळं तं दोन्हीकडून खाली हाये. अन् हात पाहा तिचे!"

साहेब आधी वैतागले. मग त्यांनी वहिनीला तपासलं, तीनदा थुंकी तपासली आणि म्हणाले, "सांध्या-कातडीचाच रोग फुफ्फुसात उतरलाय. माझ्याकडे औषध नाही, पण हा कोणाला लागणारा नाही."

आईचा माझ्यावर विश्वास बसेना. तेव्हा पुढच्या रविवारी दादाराव स्वतः फोटो घेऊन अकोल्याला आले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग तुमी खाता काय तिच्या हातचं?"

दादाराव पाटावर बसले. "वाढा, वैनी."

वहिनीने आखडलेल्या बोटांनी पिठलं-भाकर आणि ठेचा वाढला. तिसऱ्या भाकरीला दादारावांचे डोळे भरून आले.

"ठेचा तिखट झाला का?" मी विचारलं.

"नाही. माह्या बायकोचे हात असेच होते. तिचा फोटो म्याच काढला, क्षय म्याच म्हणला. तिच्या हातचं शेवटचं वर्षभर कोणालेच खाऊ देल्लं नाही."

आई उठून आत गेली, आणि बाळीला आणून तिने वहिनीच्या मांडीवर ठेवलं.