रानाची खोली, राणीची खोली

"अगं, लोकांना नीट दिसावं म्हणून मी दुकान थाटलंय, आणि मलाच रस्ता विचारायला लावतेस?" फाट्यावर उतरवून बस निघून गेली, तशी चष्मेवाल्यांनी छाती पुढे काढली. गावातल्या निम्म्या नाकांवर त्यांनी चष्मा चढवला होता. स्वतःचा मात्र खिशात! चष्म्यानं माणूस म्हातारा दिसतो, हे त्यांचं खासगी मत होतं, गिऱ्हाइकांसाठी नव्हे.

या सहलीवर त्यांची सगळी अब्रू टांगलेली होती. एरवी दर सुट्टीला बायकोच्या ताईकडे जायचं, ढेकळं भरल्यासारख्या गादीवर लोळायचं आणि ताईच्या मांजराला जावयासारखा मान द्यायचा! यंदा त्यांनी बंड पुकारलं. जंगलातला निसर्गनिवास शोधला, शेजारीच एका प्राचीन राजवाड्याचे अवशेष. बायको म्हणाली होती, "चला. पण हे फसलं, तर मरेपर्यंत प्रत्येक सुट्टी ताईकडे. कबूल?"

"कबूल!"

निवासवाल्यांनी त्यांना 'रानाची खोली' दिली होती. "तुमच्या आणि निसर्गाच्या मध्ये आम्ही काही म्हणजे काही येऊ देत नाही," असं फोनवर सांगितलंही होतं.

पायवाटेवर पाटी दिसली. चष्मेवाल्यांनी डोळे किलकिले केले. "रानाची खोली! बघ, बाणसुद्धा काढलाय."

बाणाच्या टोकाला खोली होती. म्हणजे भिंती होत्या, त्यातली एक गुडघ्याएवढी. तान्हं लेकरू आईच्या मानेला बिलगावं तसं एक झाड भिंतीला बिलगून वर गेलं होतं. मधोमध कोरडा दगडी हौद.

"अहो, छप्पर?"

"निसर्ग!"

"दार?"

"अगं, निसर्ग!"

"आणि न्हाणीघर?"

चष्मेवाल्यांनी जरा चाचरत हौदाकडे बोट दाखवलं. मग घामानं भिजलेलं बनियान दगडी हत्तीच्या सोंडेवर वाळत घातलं, हौदात चादर अंथरली आणि आडवे झाले. बायको पायरीवर टेकली. वाऱ्यानं पानं सळसळली, तशी तिच्या ओठांवर ओवी आली, आपसूक:

"छपराविना घर गं माझं, आभाळ वळचणीला,
कंथ माझा फार शहाणा, पुसेना गं कुणाला!"

चष्मेवाल्यांना तेवढ्यात डुलकी लागली. ती मोडली एका खड्या आवाजानं.

"या, पुढे या! ही राणीची खोली!"

चष्मेवाले हौदातल्या हौदात ताठ झाले. राणी? बायकोला ते राणी म्हणत खरे, पण घरात. तेही दार लावून! याला कुणी सांगितलं?

"राणी इथे आंघोळ करायची," एक टोपीवाला मागच्या घोळक्याला सांगत होता. "राजा तिला फार वचकून असे."

"कोण म्हणतं?" चष्मेवाले हौदातून उगवले. उघडेबंब!

एक बाई किंचाळली. एका गृहस्थानं पटकन फोटो काढला.

"अहो, हौदात उतरायला मनाई आहे!" टोपीवाला ओरडला.

"मग आंघोळ कुठे करायची? मॅनेजर तुम्हीच ना? पाणी कधी येतं?"

"पाणी?" टोपीवाला गोंधळला. "पाणी आटून शेकडो वर्षं झाली!"

"शेकडो! आणि कुणी तक्रार केली नाही? छपराचं काय?"

"ते लढाईत जळलं."

"मग दुरुस्त करा की!"

"दुरुस्तीला परवानगी नाही. पडलंय तसंच जपायचं, असा नियम आहे."

"धन्य तुमचा धंदा! आणि दारं?"

"चोरांनी नेली."

"चोर!" चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. "राणी, बॅग सांभाळ!"

सगळा घोळका पायरीकडे वळला. "अय्या, राणीसुद्धा आहे! नाटुकलं दिसतंय!" मघाची किंचाळलेली बाई म्हणाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टोपीवाला डोकं खाजवत राहिला. "मला ऑफिसनं काही कळवलं कसं नाही..."

बायको शांतपणे उठली. तिनं पायरीवरच्या सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, नवऱ्याच्या नाकावर चढवला आणि हाताला धरून त्यांना पाटीपुढे उभं केलं.

"वाचा. वरची ओळ."

"रा... राणीची खोली."

"खालची?"

"प्राचीन अवशेष. आत झोपू नये. कपडे वाळत घालू नयेत."

रानाची खोली निघाली उलट्या दिशेला. शाकारलेलं छप्पर, दाराला कडी, मऊ गादी, न्हाणीघरात गरम पाणी! पण चष्मेवाल्यांचं कशातच लक्ष नव्हतं. बायकोनं फोन कानाला लावला होता.

"हॅलो, ताई?"

त्यांनी डोळे मिटले. पापण्यांआड मांजर येऊन बसलं.

"अगं, काय सांगू! राणीच्या महालात उतरलो! लोक फोटो काय काढतायत, टाळ्या काय वाजवतायत..." हसता हसता तिचे डोळे भरून आले. "नाही गं, यांनीच शोधली जागा. एकट्यांनी!"

चष्मेवाल्यांनी डोळे उघडले. फसलं नव्हतं! सुटलो! त्यांनी बायकोवरून जीव ओवाळून टाकला.

बायकोनं फोनवर तळवा ठेवला. "अहो, ताई उद्या येतेय. मांजराला घेऊन. म्हणते, मलाही तीच खोली हवी. राणीची."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि परत खिशात ठेवला. मांजर तरी जरा पुसट दिसेल!