रकाना क्रमांक सात

भाषा कार्यालयाच्या एका पत्राला मी दोन वर्षे उत्तर दिले नाही. पत्र नम्र होते : 'आपल्या गावच्या पहाडी बोलीचे नाव रकाना सातमध्ये लिहावे. उत्तर न आल्यास बोली मृत समजण्यात येईल.'

नाव कुठून आणू? आम्ही आमच्या बोलण्याला नुसते बोलणे म्हणतो. पब्बर नदीपलीकडचे त्याला उलटे बोलणे म्हणतात, वरच्या धारेवरचे, म्हणजे डोंगरकण्यावरच्या गावांतले, तर बोलणेच मानत नाहीत. चाळीस वर्षे मुलांच्या चुका काढलेला मी मास्तर. चुकायची भीती वाटली. विचार करत राहिलो. मुदत संपताच बोली नियमानुसार वारली.

पहिला फटका शेजारच्या ध्यानदासीला बसला. तिची गाणी दर शनिवारी रेडिओवर लागत. दूर किन्नौरात दिलेली लेक ती ऐकत असे. गाणी बंद झाली. मृत बोलीत जिवंत बाईने गाण्याची तरतूद नव्हती.

"मास्तरा, मला मारलंस ते मारलंस, निदान सांगायचं तरी!"

"भाभी, मी विचार करत होतो..."

"कर, कर. तेवढंच येतं तुला."

प्रकरण देवाकडे गेले. आमच्याकडे सगळेच तिथे जाते. देव त्याच्या 'गूर' म्हणवणाऱ्या भगताच्या, म्हणजे लायकरामच्या, अंगात येऊन बोलतो. कार्यालयाचे कालटासाहेब वही घेऊन हजर होते. देव आमच्या बोलीत चांगला घटकाभर गरजला. साहेबांनी लिहिले : 'देवाचे म्हणणे मृत बोलीत असल्याने ग्राह्य नाही. साक्षांकित हिंदी अनुवाद जोडावा.'

"पण साहेब, तुम्हाला कळलं ना?" मी विचारले.

"कळणारच! माझं आजोळ खालच्याच गावात. पण कळणं हा पुरावा होत नाही."

देव भडकला. लायकरामने माझ्या तळहातावर तांदूळ टाकले. दाणे विषम आले, म्हणजे कौल पक्का : मास्तराने आजच उत्तर लिहावे.

घरी येऊन लिहायला बसलो. हिंदीत, कारण अर्जावर तशी सूचना होती. रकाना सातमध्ये हिंमत करून लिहिले : 'ध्यानदासीचे बोलणे'. रकाना आठ मी आजवर वाचलाच नव्हता : 'ही बोली नातवंडांशी बोलली जाते काय?'

माझी नात शिमल्याला असते. तिच्याशी मी शुद्ध हिंदी बोलतो. माझा दाखला चालणार नाही, भाभीचा घेऊ, म्हणून तिच्या अंगणात गेलो. ती किन्नौरच्या नातीशी फोनवर मोडक्या हिंदीत बोलत होती :

"आजीचं गाणं पुन्हा लागेल हं, बाळा. नीट ऐक. काय म्हटलंय ते आई तुला हिंदीत सांगेल."

मी रकाना आठमध्ये 'होय' लिहिले आणि पाकीट टपालपेटीत टाकले. मी खोटे लिहिले असे ज्याला वाटेल, त्याने आधी आपल्या नातवाला फोन लावून पाहावा.