कक्षेतली चूक

वेधशाळेतल्या गणकाने सकाळी दहाला बायकोला फोन केला, तिथेच घोळ झाला. पृथ्वीजवळून जाणाऱ्या एका लघुग्रहाची कक्षा त्याने नुकतीच मांडली होती आणि ती सरळ पृथ्वीला येऊन भिडत होती. असं काही दिसलं की आधी वरिष्ठांना सांगायचं, हा नियम. पण हातपाय गळालेल्या माणसाला आधी बायको आठवते.

"अकरा वर्षांनी धडकणार," तो कुजबुजला. "कुणाला सांगू नकोस."

बायकोने एकीलाच सांगितलं, धाकट्या बहिणीला. आईच्या हातमशीनवरून, म्हणजे ती कपडे शिवायची मशीन कुणाची यावरून, दोघींचं बिनसलं होतं. नऊ वर्षांत एकीने दुसरीचं नाव काढलं नव्हतं. अर्ध्या तासाने बायकोचाच फोन आला.

"अहो, ती रडली हो. दुपारच्या गाडीने येतेय, मशीन घेऊन."

तिचा असा आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्या खुशीत त्याने आकडे पुन्हा तपासायला घेतले आणि त्याला घाम फुटला. वेधशाळेत दोन घड्याळं होती. एक आकाशाच्या नोंदींसाठी, जगभर एकच असलेल्या वेळेचं, आणि दुसरं घरी कधी जायचं ते सांगणारं. एका नोंदीची वेळ त्याने दुसऱ्यावरून घेतली होती. ती सुधारताच लघुग्रह चंद्रापेक्षा वीसपट लांबून निमूटपणे निघून गेला. वरिष्ठ बाईंनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली. पृथ्वी वाचल्याचं इतकं वाईट कुणाला वाटलं नसेल.

संध्याकाळी तो घरी पोचला, तेव्हा दोघी बहिणी मशीनपाशी बसून हसत होत्या. त्याचा चेहरा बघताच बायकोने त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"चुकलं ना? मग गप्प बसा. तिला कळलं तर उद्याच मशीन उचलून जाईल."

ती चहा टाकायला वळली. तो बाहेर आला, तर मेहुणी हळूच म्हणाली, "भावोजी, निघण्याआधी मी तुमच्या ऑफिसात फोन केला होता. बाईंनी सांगितलं सगळं."

"मग आलीस कशी?"

"बॅग भरून झाली होती. पण ताईला सांगू नका. धोका टळला म्हटलं की तिला जुनं सगळं आठवेल."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि बहिणीदेखत तिने विचारलं, "काय हो, धडकणार ना नक्की?"

दोघी त्याच्याकडे बघत होत्या. जन्मात एकही आकडा जाणूनबुजून न चुकवलेल्या गणकाने घसा खाकरला.

"धडकणार," तो म्हणाला. "शंकाच नको."

दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला.