कायम संध्याकाळचा ग्रह

सोमवारी सकाळी चहा पिता पिता धाकटीने आईला सांगून टाकलं, "या आठवड्यात माझी नोकरी पक्की झाली समज." माणसाने असलं काही आधी बोलू नये. पण पीएचडी झालेल्या मुलीला सांगणार कोण? आई शिवणाचं दुकान चालवते, तिने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "लेखी दिलंय का कोणी?"

"मिळेल गं."

धाकटीचं काम काय ते सांगते. अवघड नाही, फक्त लांबचं आहे. दुसऱ्या ताऱ्यांभोवती जे ग्रह फिरतात, त्यांच्यावरची हवा कशी असेल याचं गणित ती संगणकावर मांडते. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून सरकला की ताऱ्याचा थोडासा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळला जाऊन आपल्याकडे येतो. त्या उजेडावरून तिथे वाफ किती, ढग किती, उकाडा किती हे ओळखायचं. म्हणजे शेजारच्या घरात न जाता, नुसत्या वासावरून त्यांच्या भाजीत मीठ किती पडलंय ते सांगण्यापैकी! संस्थेतली ही नोकरी तीन वर्षांची, आणि त्यातले पस्तीस महिने संपलेले. शुक्रवारी पाच जणांची समिती बसणार होती. मुदत वाढली तर ग्रह, नाही वाढली तर बँकेत चिकटलेल्या थोरल्या बहिणीचं "मी तेव्हाच म्हटलं होतं."

उजेड गोळा करतो तो तिचा सहकारी. सगळे त्याला दुर्बीणवालाच म्हणतात, कारण महिन्यातले पंधरा दिवस तो डोंगरावरच्या वेधशाळेत असतो आणि तिथे फोन लागत नाही. त्याने रविवारी ईमेलवर फाईल पाठवली. धाकटीने ती अधाशासारखी उघडली, तिच्यावर आपलं गणित चालवलं, आणि आकडे असे जुळले, असे जुळले की पत्रिका जुळवणाऱ्यालाही संशय आला असता. धाकटीला नाही आला.

काय ग्रह होता पण! एका अंगाला कायम दिवस, दुसऱ्या अंगाला कायम रात्र, आणि मधल्या पट्ट्यात न संपणारी संध्याकाळ. हवेत वाफ, वर विरळ ढग. सोमवारी बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि धाकटी थेट तिकडेच पोचली. जांभळट उजेड होता. सूर्य क्षितिजावर टेकला होता आणि पुढे सरकायचं नाव घेत नव्हता, त्यामुळे कुणाला कसली घाईच नव्हती. बारीक भुरभुर पडत होती, अंग भिजेल इतकीही नाही. ती चालत राहिली. कंडक्टरने खांद्यावर थापटलं तेव्हा दोन थांबे मागे पडले होते.

संस्थेत तिची प्रमुख एक करारी बाई. अकरा वर्षांत त्यांनी कुणाला शाबासकी दिल्याची नोंद नाही. त्यांनी आलेख पाहिला आणि म्हणाल्या, "पुन्हा चालव." पुन्हा तेच आलं. "आता उलट्या बाजूने." तरी तेच. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "छान आहे."

झालं! मंगळवारी प्रमुखबाईंनी संचालकांच्या कानावर घातलं. बुधवारी संचालकांनी समितीला कळवलं की शुक्रवारी हाच एक विषय. गुरुवारी प्रसिद्धी विभागाने ग्रहाचं जांभळं चित्र काढून जिन्याच्या भिंतीवर लावलं. इकडे आईने एका गिऱ्हाइकाला सांगितलं, म्हणजे सगळ्या गल्लीला सांगितलं. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक काकू कोटाची उंची कमी करायला आल्या होत्या, त्या तासभर हलल्याच नाहीत. "कायम संध्याकाळ? म्हणजे सकाळी उठायचंच नाही?" त्यांनी तीनदा विचारलं.

शुक्रवारी धाकटी समितीपुढे उभी राहिली आणि छान बोलली. समितीतले सगळ्यांत वयस्कर प्राध्यापक डोळे मिटून ऐकत होते. ते झोपलेत असं सगळ्यांना वाटत असताना त्यांनी विचारलं, "तापमान बरोबर चोवीस अंश? पावणेचोवीस नाही, सव्वाचोवीस नाही?"

"हो सर, बरोबर चो—" म्हणता म्हणता धाकटी थांबली.

चोवीस. गेल्या वर्षी एका कंटाळवाण्या दुपारी ऑफिसातला एसी कुणीतरी अठरावर ठेवला होता. ती दोन स्वेटर घालून कुडकुडत बसली होती. तेव्हा तिने संगणकात आपल्या मनासारखा एक ग्रह बनवला होता. तापमान चोवीस, वेळ संध्याकाळची, भुरभुर पाऊस, आणि मीटिंग बोलावणारं कुणी नाही. बनवून झाल्यावर तिने तो सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकून दिला होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि पाठीवर बोचकं घेतलेला दुर्बीणवाला आत आला. डोंगरावरून थेट आला होता. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि धाकटीच्या कानाशी कुजबुजला, "अगं, ही सरावाची फाईल ना?" पण कुजबुज अशी की शेजारी बसलेल्या प्रमुखबाईंनाही ऐकू गेली.

त्याचं असं आहे. खरा उजेड हाती येण्याआधी एखादा खोटा ग्रह घ्यायचा, त्यात मुद्दाम थोडी गडबड मिसळायची, आणि गणिताला तो सापडतो का हे बघायचं, अशी या लोकांची रीतच आहे. दुर्बीणवाल्याने ईमेलमध्ये सातव्या ओळीत लिहिलंही होतं, "ही सरावाची, खरी गुरुवारी." सातव्या ओळीपर्यंत जातो कोण? आणि फोल्डरमधल्या चाळीस खोट्या ग्रहांतून त्याने नेमका तिचाच उचलला होता. का, तर म्हणे, "तेवढाच जरा राहण्यासारखा वाटला."

प्रमुखबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, 'प्राथमिक निष्कर्ष' म्हण आणि खाली बस. म्हटलं असतं तर निभावलंही असतं. पण धाकटीला तेवढं जमेना. ती म्हणाली, "हा ग्रह नाहीये. मी बनवलाय." आणि तिला रडू आलं. नोकरीचं वाईट वाटलंच, पण पाच दिवस ती जिथे राहून आली होती ते गावच नव्हतं, त्याचं जास्त वाटलं.

मग दुर्बीणवाल्याने आणलेली खरी फाईल तिथेच उघडली. गणित चाललं, आणि पडद्यावर एक सरळ, सपाट रेघ आली. म्हणजे जाड ढगांचं झाकण, आतलं काहीएक दिसत नाही. "हे मात्र खरं वाटतं," म्हातारे प्राध्यापक समाधानाने म्हणाले.

समितीने अर्धा तास दार लावून घेतलं आणि एका वर्षाची मुदत दिली. सरावाची परीक्षा आजवर सगळ्यांनी सराव आहे हे ठाऊक असताना दिली होती. इतक्या मनापासून ती देणारी हीच पहिली, आणि विचारायच्या आत कबूल करणारीही हीच, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. प्रमुखबाई एवढंच म्हणाल्या, "ते जांभळं चित्र तूच उतरव."

धाकटी दुकानात आली तेव्हा आई मशीनवर होती. "आई, तो ग्रह खोटा निघाला."

मशीन थांबलं. "आणि नोकरी?"

"वर्षभर वाढली. लेखी दिलंय."

मशीन पुन्हा सुरू झालं. "मग हळू बोल. काकू आत कोट घालून बघतायत. सकाळपासून नुसतं तिथलंच चाललंय त्यांचं, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच एवढ्या बोलल्या."

काकू पडद्यामागून बाहेर आल्या, आरशासमोर हळूच वळल्या, आणि धाकटीला म्हणाल्या, "बाळा, तिथे एवढा कोट पुरेल ना गं?"

दुपारीच पाच विद्वानांसमोर असा ग्रह नाही म्हणून रडलेली धाकटी जरा घुटमळली. मग खाली बसून कोटाची कड नीट करत म्हणाली, "कोट कशाला, काकू? तिथे चोवीसच अंश असतं."