सुनेसंगं आलेला विद्यार्थी

वरणात मीठ कमी पडलं तर आमचे मामाजी नुसतं 'मीठ कमी आहे' असं म्हणत नाहीत. आधी घसा साफ करतात, मग वाटी उचलून तोंडाजवळ नेतात आणि वाटीत बोलतात, "लक्ष द्या, लक्ष द्या. वरनात मीठ नायी."

मामाजी म्हणजे माझे सासरे. सारी नोकरी त्यांनी अकोल्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. खिडकीमागे बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. रिटायर झाल्यावर माइक तिथेच राहिला, आवाज मात्र घरी आला. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे अमरावतीला राजापेठेत राहतात, पण मनानं अकोल्यातच असतात. अमरावतीचं ऊन त्यांना ऊन वाटत नाही. "आमच्या अकोल्याले याले सावली म्हन्तात," असं भर मे महिन्यात गच्चीवर उभं राहून सांगतात. आंघोळीला निघाले की साऱ्या बिल्डिंगला कळतं, कारण "आंघोईकडे जानारी गाडी फलाटावर लागून राह्यली" असं पुकारल्याशिवाय ते टॉवेल उचलत नाहीत.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. मी चांदूर बाजारची. सासऱ्याचं नाव सुनेनं घेऊ नये असं मला कोणी बसवून शिकवलेलं नाही, पण जीभच वळत नाही. राजापेठेत मी आठवी ते दहावीच्या गणिताची ट्यूशन घेते. चारचौघांत मॅडम म्हणून मान आहे. होता, असं म्हणायला हवं. कारण मग पोर्तुगीज आलं.

माझा नवरा प्रशांत लिस्बनला एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो. मला तिकडे न्यायचं ठरलं, तेव्हा तो म्हणाला की दुकानात जाऊन दूध मागण्यापुरती तरी भाषा शिकून ये. आमच्या इथल्या विद्यापीठात पोर्तुगीजचा प्राथमिक वर्ग निघाला होता. मी फी भरायला निघाले, तर मामाजी हेल्मेट घालून स्कूटीजवळ उभे.

"मामाजी, तुमी कुठं?"

"लक्ष द्या, लक्ष द्या. तिकडं जाऊन मुक्यावानी बसू का मी?"

मी पर्समध्ये किल्ली शोधत राहिले. बोलायचं होतं ते इतकंच की मामाजी, तिकडे तुम्हाला न्यायचं नाहीये. प्रशांतची खोली एवढी लहान की पलंग टाकल्यावर दार अर्धंच उघडतं. व्हिसाही माझ्या एकटीचाच होणार होता. हे आम्हा दोघांना माहीत होतं, फक्त मामाजींना नव्हतं. "बाबाले तूच सांग," प्रशांत फोनवर म्हणाला, "माह्याच्यानं नायी होत." पोटच्या पोराच्यानं होत नव्हतं ते त्यानं माझ्यावर ढकललं, आणि मी उद्यावर. त्या दिवशी मी दोघांची फी भरून आले. सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

पहिल्या दिवशी आमच्या लिडिया मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही पोर्तुगीज का शिकताय? मॅडम गोव्याच्या, वयानं माझ्यापेक्षाही लहान. कोणाला फुटबॉलचं वेड होतं, कोणाला परदेशात शिकायचं होतं, एकाला ब्राझीलशी धंदा करायचा होता. मामाजी उठून उभे राहिले. हातातला पेन त्यांनी तोंडाशी धरला.

"लक्ष द्या, लक्ष द्या. मी सुनेसंगं आलो."

वर्ग असा हसला की विचारू नका. त्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. तिच्यासमोर मी कधीकाळी शिस्तीवर भाषणं दिली होती. मी पुस्तक उघडून त्यात तोंड घातलं ते तास संपेपर्यंत काढलं नाही.

मामाजींना मात्र लाज नावाची चीज ठाऊक नाही. पोर्तुगीजमध्ये नाकातून बोलायचे पुष्कळ उच्चार आहेत. आम्हा पोरापोरींच्या नाकातून नुसती हवा निघायची. मामाजी पहिल्याच झटक्यात बोलले. मॅडम थक्क. "बाबा, कुठे शिकलात?" तर म्हणे, "स्टँडवर. माइक खराब असला का नाकातूनच बोला लागते, नायी तं मांगच्या मानसाले आयकू येत नायी."

एकदा धड्यात तिकीटखिडकीवरचा संवाद आला. त्यातला कर्मचारी प्रवाशाला 'कृपया' म्हणतो, 'धन्यवाद' म्हणतो, वर शुभेच्छाही देतो. मामाजींनी पुस्तक मिटलं. "मॅडम, याले नोकरीवर कोनं घेतलं? मांगं लाइन लागून राह्यली असंन अन हा शुभेच्छा देऊन राह्यला." मग सगळा संवाद त्यांनी अकोल्याच्या पद्धतीनं बसवला. प्रवाशाला उत्तर द्यायचं नाही, नुसता हात करून गाडी दाखवायची. मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. मला मात्र घाम फुटला होता.

खरी पंचाईत जोड्यांची झाली. दोघादोघांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे, आणि आम्ही एकाच बाकावर, म्हणून आमची जोडी. मी त्यांना विचारायचं, तुमचं नाव काय? ते सांगणार, आणि मग मी वर्गाला ओळख करून द्यायची की यांचं नाव अमुक. अमुकपाशी येऊन मी अडकले. वर्ग वाट पाहत होता. मॅडमना वाटलं मला क्रियापद आठवत नाही, म्हणून त्या क्रियापद सुचवत होत्या.

मामाजी हळूच म्हणाले, "घे नाव. पोर्तुगीजमंदी चालते. पोर्तुगीज काही आपल्या नात्यातले नायीत."

मी नाव घेतलं. मामाजी गंभीर चेहऱ्यानं "ओब्रिगादु" म्हणाले. म्हणजे आभारी आहे. घरात इतकी वर्षं त्यांच्यापुढे ताट वाढते आहे, त्यांनी कधी आभार मानले नव्हते, आणि मी तरी कधी त्यांना 'कसे आहात' असं तोंडानं विचारलं होतं? वर्गात मात्र मी रोज विचारत होते. "कोमु एश्ता?" रोज ते सांगायचे, बरा आहे. एकदा मात्र म्हणाले, गुडघा दुखतो. त्यासाठी लागणारे दोन्ही शब्द त्यांनी मॅडमना आधी विचारून ठेवले होते.

पण वर्गाबाहेर माझी अवस्था वाईट होती. स्कूटीवर मागे बसून ते सिग्नलला धडे म्हणायचे. भाजीवालीला दोन्ही नमस्कार एकदम घालायचे, "जयभीम. बों दिया. मेथी कशी देल्ली?"

"बाबूजी, हे कोन्तं बोलनं व्हय?"

"पोर्तुगालचं. सुनेसंगं चाल्लो ना मी."

"तिकडं मेथी भेटते का?"

मामाजी माझ्याकडे वळले. "भेटते का वं?" मी जुडी उचलली आणि पैसे देत बसले. आमच्यामागे माझ्या एका विद्यार्थ्याची आई उभी होती. ती म्हणाली, "किती नशीबवान आहात हो मॅडम, सासऱ्यांना सोबत नेताय. आजकाल कोण नेतं?" मेथी माझ्या हातात होती म्हणून बरं, नाहीतर हात कुठे ठेवावे ते कळलं नसतं.

त्यानंतर मामाजींनी लेसचे बूट आणले. जन्मभर चपला आणि सँडल घातलेला माणूस. घरात हॉलपासून किचनपर्यंत ते बूट घालून फिरायचे, तिकडे पाय चावू नयेत म्हणून. मी त्या आवाजाला भ्यायला लागले. रोज ठरवायचे, आज जेवताना सांगू. जेवताना ते वाटी उचलायचे, "लक्ष द्या, लक्ष द्या," आणि माझं धैर्य संपायचं. गणिताच्या पोरांना मी 'उत्तर येत नसेल तर उभं राहून सांगा' म्हणते. मला उत्तर येत होतं, उभंच राहता येत नव्हतं.

मग व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मला मुंबईला जायचं होतं. आदल्या दिवशी पाहते तर मामाजी बेसिनपाशी लिंबू घेऊन बोटं घासताहेत. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नाही, म्हणून ही तयारी.

"लक्ष द्या, लक्ष द्या. माहे बोटं तयार हायेत."

"मामाजी," मी म्हणाले, "तुम्हाले आता नायी यायचं. ज्येष्ठ नागरिकायचं मागून असते."

कुठून आलं ते वाक्य, देव जाणे. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

"मांगून?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. लिंबाची फोड त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात पुसले.

त्या दिवसानंतर ते तिकडे जाण्याबद्दल काही बोलले नाहीत. भाजीवालीपाशीही नाही. बूट खोक्यात गेले. मला वाटलं, उत्साह ओसरला, सुटले. सुटल्यासारखं वाटलं याचीही लाज वाटली, पण वाटलं हे खरं. वर्गाला मात्र ते एक दिवस चुकले नाहीत. उलट आधीपेक्षा जास्त पाठ करायला लागले. मला त्याचा अर्थ लावता आला असता. मी लावला नाही.

तोंडी परीक्षा जोडीनंच होती. आम्ही घरी तयारी केली होती. कुठे राहता, कोणाबरोबर राहता, काय खायला आवडतं, असे ठरलेले प्रश्न. 'मी माझ्या सुनेबरोबर राहतो' हे वाक्य मामाजींचं घडाघडा पाठ होतं.

मॅडम समोर बसल्या. मी चिठ्ठीवरचा पहिला प्रश्न वाचला, कुठे राहता? मामाजींनी ठसक्यात सांगितलं, अमरावतीत, राजापेठेत. मी दुसरा वाचला.

"कों केंय मोरा?" कोणाबरोबर राहता?

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडमकडे पाहत, सावकाश, एकेक अक्षर सोडवून म्हणाले, "मोरु सोझिन्यु."

मी एकटा राहतो.

मॅडमना वाटलं ते गोंधळले. "बाबा, हा शब्द तर मी शिकवलाच नव्हता."

"पुस्तकाच्या मांगं भेटला."

"पण तुम्ही तर सुनेबरोबर राहता ना? ही काय, समोरच बसलीय."

"आता राह्यतो मॅडम," मामाजी म्हणाले. "पन हे सर्टिफिकेट तं पुढंही चालंन ना? मंग पुढचंच सांगतलं."

मॅडम हसल्या. त्यांना काय माहीत. मी चिठ्ठीकडे पाहत होते, पण तिसरा प्रश्न मला दिसेना. मामाजींनीच बोट ठेवून दाखवला, "हा. खान्याचा." मी कसाबसा वाचला. त्यांनी उत्तर दिलं. काय दिलं ते मला आठवत नाही.

बाहेर स्कूटीपाशी आलो. मी म्हणाले, "मामाजी, मले तुम्हाले केव्हाचं सांगायचं होतं…"

"सांगतलं ना मी. आता तू कायले सांगतं?" ते हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाले. "चाल, ऊन होऊन राह्यलं."

अकोल्याचा माणूस अमरावतीच्या उन्हाला ऊन म्हणाला, तेव्हा मला ते सहन झालं नाही. साऱ्या रस्त्यानं एकाही सिग्नलला त्यांनी धडा म्हटला नाही, आणि मी त्यांना तोंड दाखवावं लागत नाही म्हणून देवाचे आभार मानत गाडी चालवत होते.

संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. "बाबाले सांगतलं का आज तरी?"

"त्यांनीच सांगितलं."

"काय सांगतलं?"

मी त्याला ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. मराठीत सांगायची माझी हिंमत झाली नाही. पण तो तिथे राहतो. त्याला लगेच समजलं. मागे त्याच्या किचनमधल्या भांड्यांचा आवाज येत होता, तोही जरा वेळानं बंद झाला. तो बाहेर गेला असावा.

"बाबाले दे फोन," तो शेवटी म्हणाला.

मी फोन घेऊन आत गेले. मामाजी ओट्यापाशी उभे होते. पुढे कुकर, हातात चहाचा कप, कपात तुरीची डाळ. ती ते थोडी डाळीच्या डब्यात परत ओतायचे, कपात पाहायचे, पुन्हा थोडी काढायचे.

"मामाजी, फोन. प्रशांतचा."

"थांब म्हन त्याले जरासा," ते म्हणाले. "पह्यले मले सांग, एका मानसाच्या वरनाले डाळ किती घ्या लागते?"

फोन माझ्या हातात चालूच होता.