फालतू नावाचा फोल्डर

अन्याय झाला तो भोरच्या आमच्या आळीतल्या रशीदचाचांवर. कधी? यंदाच्या खंडेनवमीला, सकाळी, चाचा डेअरीवर दुधाला गेले होते तेवढ्या वेळात. कुणी केला? माझ्या सख्ख्या आईनं. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. एसटी बंद झाली की लिहिते, नळाला गढूळ पाणी आलं की लिहिते. पत्रकात नाव घ्यायचं असतं. ‘काही व्यक्तींकडून’ असलं गुळमुळीत लिहायचं नसतं. म्हणून घेतलं. घरी जेवायला मिळालं नाही तर बघू.

पण अन्याय कळायला आधी चाचा कळायला हवेत.

चाचांच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी, जुन्या कॉम्प्युटरची एक लोखंडी पेटी दिवसरात्र गुणगुणत असते. तिच्यात चार हार्ड डिस्क आहेत. चाचा रोज सकाळी पेटीचं झाकण काढतात, डोळे मिटतात आणि एकेका डिस्कवर तळहात ठेवतात, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग स्वतःशीच बोलतात. “पाली बरी हाय. भोर गार हाय. किकवी जरा कडक लागतीया. पासली... पासली काय झोपली न्हाई वाटतं रातभर.”

ज्या ज्या गावानं सुरुवातीला त्यांना काम दिलं, त्यांची नावं त्यांनी डिस्कला दिली आहेत. एकदा एसटी स्टँडवर ते कुणाला तरी फोनवर सांगत होते, “पासलीचं काय खरं न्हाई आता. दोन दिसांत जाती बघ.” शेजारी टोपली घेऊन बसलेल्या पासलीच्या बाईंनी तिथंच डोळ्याला पदर लावला. त्यांची समजूत काढता काढता चाचांची एसटी चुकली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. “घाई कुणाला हाय?” म्हणाले आणि बाकावर बसून धुकं वर सरकताना बघत राहिले.

चाचा लग्नाची शूटिंग काढायचे. आता लग्नात ड्रोन उडतो, पण भोर-वेल्ह्यात एक काळ असा होता की तारीख धरली की पहिला निरोप भटजींना आणि दुसरा चाचांना. खांद्यावर कॅमेरा घेऊन एसटीनं शेवटच्या फाट्यापर्यंत जायचं, पुढं पायवाट. आणि इथं लपवाछपवी करण्यात अर्थ नाही, तेव्हा सरळ लिहिते: चाचा वाईट शूटिंग काढायचे. मंगलाष्टकं टिपेला पोचलेली, अंतरपाट धरलेला, आणि चाचांचा कॅमेरा हळूहळू, झोपेत कूस बदलावी तसा, मंडपाबाहेर वळायचा. बाहेर काय असायचं? भाताच्या हंड्यातून निघणारी वाफ. दोरीवर वाळणारं धोतर. पाण्याच्या दगडी डोणीवर मान टाकून उभी असलेली लंगडी म्हैस. तिच्या पाठीवर ऊन सरकायचं आणि कॅमेरा त्या उन्हाबरोबर सरकायचा.

किकवीच्या एका वधुपित्यानं त्यांना भर बाजारात गाठलं होतं.

“रशीदभाई, माझ्या पोरीच्या गळ्यात हार पडला का न्हाई?”

“पडला की. म्या सोता पायला.”

“मंग कॅसेटीत का दिसंना? कॅमेरा कुठं व्हता तुमचा?”

“उजेड तिकडं व्हता.”

“आवो, लगीन हिकडं व्हतं!”

त्यावर चाचांनी काय उत्तर द्यावं? म्हणाले, “खरं हाय तुमचं. पण उजेडाला कोन सांगणार?”

मग लोक म्हणायचे, हे फालतू काढून टाका. चाचा निमूटपणे काढायचे. पुढं कॅसेटींना बुरशी लागली, सीडींवर ओरखडे आले, तेव्हा त्यांनी होतं नव्हतं ते सगळं ह्या चार डिस्कमध्ये भरलं. चारच का, आणि त्या एकमेकींना बांधून का, हे मी विचारलं होतं. मला कारणं लागतात.

“सावड, लीडर,” चाचा म्हणाले. मला ते लीडर म्हणतात, त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मी अजून ठरवलेलं नाही. “लावणीला कसं? आज तुज्या खाचरात समदी, उद्या माज्या. एक घर आजारी पडलं तर बाकीची तीन त्याचं बी लावून देत्यात. पीक जात न्हाई. तसंच. चारातली एक गेली तर तिचं काय व्हतं, ते बाकीच्या तिघी मिळून सांगत्यात. पर दोन घरं एकदम पडली की मंग खाचर पडीक.”

तर नवरात्रात पासली गेली. सारखी टकटक करायला लागली आणि पेटी शिट्ट्या मारायला लागली. चाचांनी पुण्याहून नवी डिस्क आणली, पासलीच्या जागी बसवली, तिलाही नाव पासलीच ठेवलं. आता बाकीच्या तिघी आठवून आठवून नवीला सगळं सांगत होत्या. त्याला दीड-दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळात त्या तिघींतल्या एकीलाही धक्का लागून चालत नाही. पेटी तापू नये म्हणून झाकण काढून ठेवलेलं, समोर टेबलफॅन. चाचा स्टूलवर बसून ते गुणगुणणं ऐकत होते. त्या दिवसांत मी दोनदा डोकावले. दोन्ही वेळा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आणि खंडेनवमी उजाडली.

आमच्या आळीत खंडेनवमीला चाचांच्या कॅमेऱ्याची पूजा आई करते. मी शाळेत होते तेव्हापासून करते. चाची होत्या तेव्हा त्या झेंडूची माळ करून ठेवायच्या; चाची गेल्या, माळ आईकडे आली. कॅमेरा, स्टँड, दिवा आणि शेवटी पेटी. पेटीवर फूल ठेवलं की झालं. पण यंदा झाकण उघडं. आईनं आत बघितलं आणि तिच्या मनात आलं, इतकी वर्षं नुसत्या पेटीला फूल वाहतेय, आतली हत्यारं तशीच राहिली.

तिनं वायर सोडवली, किकवी बाहेर काढली, ओल्या फडक्यानं पुसली, आणि तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. ती भोरकडे वळणार तेवढ्यात चाचा दुधाची पिशवी घेऊन दारात. पेटी किंचाळत होती. आईला वाटलं, कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकलाय.

चाचा ओरडले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर ओरडले असते. मी धावत पोचले तेव्हा ते आईच्या हातातल्या डिस्ककडे बघत हळू आवाजात म्हणत होते, “वहिनी, ती झोपलेली नव्हती ओ.”

“अवो, हिरवी लाईट व्हती!” आई रडकुंडीला आली होती. “गिझरला, मिक्सरला, चालू असलं की लाल लागती. म्या म्हणलं हिरवी हाय म्हंजी बंदच हाय की!”

मी ताबडतोब कंपनीच्या नावानं निषेध सुरू केला. लाल-हिरव्याचा हा गोंधळ जनतेच्या माथी कुणी मारला, वगैरे. चाचांनी पेटीचं बटण बंद केलं आणि म्हणाले, “लीडर, निषेद मागनं. आदी सुकं फडकं दे.”

आई घरी पळाली आणि तांदळाचा डबा घेऊन आली. भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात हे तिला माहीत होतं. आणि साधा तांदूळ नाही, वेल्ह्याच्या मामानं सणासाठी पाठवलेला आंबेमोहोर. ह्याचा डिस्कला काडीचा उपयोग नाही, हे चाचांना ठाऊक होतं. तरी त्यांनी किकवी आधी नीट कोरडी केली, कापडात गुंडाळली आणि त्या डब्यात ठेवली. “वास चांगला हाय,” म्हणाले. “आवडल तिला.” मग आम्ही तिघं फरशीवर बसून राहिलो. दुपार झाली. पंखा फिरत होता, खोलीभर आंबेमोहोराचा वास सुटला होता, आणि ती गुणगुण पहिल्यांदाच बंद होती. तिच्यावाचून ते घर किती मोठं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

उन्हं कलताना चाचांनी किकवी पुन्हा पेटीत बसवली. तिचा हात हातात घेतल्यासारखी. पडद्यावर काहीतरी टाइप केलं, बराच वेळ थांबले. ती उठली. आवाज मात्र घोगरा होता.

“आता लगेच नवी डिस्क भरायला लावा,” मी म्हणाले.

“न्हाई. त्यात लई वढाताण व्हती. मदीच ऱ्हायली तर समदंच गेलं. आदी जे परत मिळणार न्हाई ते भायेर काडायचं.” त्यांनी एक छोटी डिस्क जोडली. “किती येळ टिकंल, काय सांगावं.”

मी घाईनं त्यांच्या मुलीचं नाव सुचवलं, “रेहानादीदीची शादी?”

“तिच्याकडं हाय.”

“तुमची हजयात्रा?”

“ती काय, मोबाईलमदी बी हाय.”

“मग चाचींचं काहीतरी—”

“ती कदी कॅमेऱ्याफुडं उभी ऱ्हायली तर ना.” आणि त्यांनी एका फोल्डरवर बोट नेलं. त्याचं नाव होतं ‘फालतू’.

कॉपी होत असताना, सगळं नीट येतंय का बघायला, त्यांनी त्यातलं एकेक उघडून बघायला सुरुवात केली. आणि पडद्यावर खालची वाडी आली.

खालची वाडी आता नाही. धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथली माणसं हायवेच्या कडेला पत्र्याच्या रांगांत राहतात. त्यांच्यासाठी मी पत्रकं लिहिली आहेत: घरे, झाडे, विहीर, पुनर्वसन. पण ते झाड मी कधी बघितलं नव्हतं. आता बघितलं. कुणाचं तरी लग्न लागत होतं, वाजंत्री दुरून ऐकू येत होती, आणि कॅमेरा त्या सगळ्याकडे पाठ करून एका जांभळीखाली शिरला होता. पानांतून उजेड गळत होता. मग एक सारवलेलं अंगण, त्यात कोंबडीच्या पायांचे ठसे. एक भिंत, नुसती भिंत, तिच्यावरून ढगाची सावली जाईपर्यंत. उंबऱ्यावर बसून पायातला काटा काढणारी म्हातारी. काटा निघतो, ती तो उन्हात धरून बघते आणि हसते. विहिरीवरून परतणाऱ्या दोघी, तिसरी मागं राहून हाका मारते, आवाज येत नाही. ह्या सगळ्यावर आज पाणी आहे, कित्येक पुरुष खोल. पडद्यात ते इतकं हळू हलत होतं की वाटावं, पाण्याखालूनच दिसतंय.

फाइलींची नावं मी वाचली. ‘अंगण, कुणाचं माहीत नाही.’ ‘म्हातारी, काटा, नाव विचारायचं राहिलं.’ ‘जांभूळ, वरची का खालची?’ पुढं तसंच. माहीत नाही. माहीत नाही.

“तवा कोन विचारनार?” चाचा म्हणाले. “लग्नात म्या भायेरचा माणूस. नाव पत्रिकंत असतं ते नवरानवरीचं. म्हातारीचं नसतं. मागनं दोनदा गेलो त्यांच्या वस्तीवर. लग्न दावा म्हनले. हे दावायला लागलो की हसत्यात. म्हनून दर बाजाराला दार उघडं ठिवतो. कोन आलंच तर बघंल. चा टाकून ठिवतो.”

मग मला कळलं, बाजाराच्या दिवशी चाचांच्या ओट्यावर पातेलंभर चहा गार का होत असतो. मी समजत होते, विसरतात.

तेवढ्यात आई पुढं सरकली. “थांबा, थांबा. मागं घ्या जरा. अवो ही तर शेवंतामावशीची ओसरी! तो कोनाडा बगा. म्या लहानपणी हितं कैऱ्या ठिवायची. चैत्रात जायचो आमी. ह्याच अंगणात निजायचो.”

चाचांनी खेळ थांबवला. चष्मा पुसला, कीबोर्ड जवळ ओढला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, ‘कुणाचं माहीत नाही’ खोडून तिथं शेवंतामावशीचं नाव लिहिलं. मग आईकडे वळून विचारलं, “वहिनी, अजून कोन कोन निजायचं?” त्यांचा आवाज मी इतका अधीर कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं ज्या माणसाला कसलीच घाई नव्हती, त्याला आता होती.

किकवी टिकली. फोल्डर बाहेर आला. मग नवी पासली पुन्हा पहिल्यापासून भरायला लावली, तीही दसऱ्यानंतर भरली आणि गुणगुण सुरू झाली.

तेव्हा आरोपपत्र दुरुस्त करते. आईला वगळते, तिनं त्या घरात एकाच दुपारी जेवढी नावं दिली, तेवढी आपण सगळ्यांनी मिळून दिलेली नाहीत. आरोप तुमच्यावर आहे, खालच्या वाडीच्या लोकांनो. तुमचं झाड, तुमची भिंत, तुमची म्हातारी ह्या माणसानं जपली, आणि तुम्ही त्याला हसलात. डिस्क जाते, दुसरी मिळते, जुन्या तिघी नवीला शिकवतात. पण त्या अंगणात कोण निजायचं हे सांगणारी माणसं तुमच्याकडे आता थोडी उरली आहेत आणि त्यांच्या जागी बसवायला काही मिळत नाही.

तुम्ही मंगळवारी भोरच्या बाजाराला येताच. ह्या मंगळवारी येताना घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर आणा. चालवत नसेल तर मला कळवा, टेम्पोचं मी बघते. त्याला चाचांसमोर बसवा, आणि जे दिसेल त्याचं नाव सांगू द्या.