पोरगं अजून कालेजातच

पोहे येईपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. कनेरगाव नाक्याला गोपीचंदरावांच्या बैठकीत डॉक्टर रत्नपाल लाकडी सोफ्यावर ताठ बसला होता, आणि त्याची आई चतुराबाई त्याला मधूनमधून कोपरानं ढोसत होती. कार्यक्रम मुलगी बघायचा होता. बघणं मात्र मुलाचं चाललं होतं.

घोळ एवढाच, की रत्नपाल कॉलेजात होता. ब्याण्णव साली तो मेडिकलला लागला तेव्हा त्याच्या गावानं, जवळा बाजारनं, त्याला हार घातला. पुढं तो एमबीबीएस झाला, एमडी झाला आणि त्याच कॉलेजच्या इस्पितळात शिकवायला लागला. आता दोन हजार दोन साल उजाडलं होतं. त्याच्या मागची पोरं कुणाच्या तरी दवाखान्यात सुया टोचायला शिकून, स्वतःची पाटी लावून, दुमजली घरं बांधून मोकळी झाली. रत्नपाल कुठं आहे, असं विचारलं की उत्तर एकच : कॉलेजात. दहा वर्षं कॉलेजात असणाऱ्या पोराला गावात एकच शब्द आहे, नापास, आणि तो चतुराबाईंच्या देखत कुणी उच्चारत नसे.

"बाबू, तिथं कालेजाचं नाव काढू नको," तिनं एसटीत बजावलं होतं. "आधीच तीन ठिकाणं मोडली."

रत्नपालनं काढलंही नसतं. पण त्यासाठी जागं असावं लागतं. सलग ड्यूटी करून तो थेट गाडीत चढला होता. मोठ्या इस्पितळात डॉक्टर सगळ्यात आधी काय शिकतो, तर उभ्यानं झोपायला. मोठे सर खाटेखाटेवरून फेरी मारतात, मागं शिकाऊ डॉक्टरांची रांग असते, आणि त्यातले निम्मे उघड्या डोळ्यांनी झोपलेले असतात. या विद्येत रत्नपालला सुवर्णपदक मिळालं असतं. विद्यापीठानं ते ठेवलेलं नव्हतं.

"तर हिच्या माहेरचं रान सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला लागून," गोपीचंदराव बायकोकडं हात करत संथ आवाजात सांगत होते. "पाणी कसं, सारखं वाहून राहिलं..."

पंखा गरगरत होता. ते पाणी रत्नपालच्या कानात शिरलं आणि बैठक हलकेच तरंगायला लागली. भिंतींचा निळा रंग पसरत पसरत वॉर्डाचा झाला. समोरच्या खुर्चीची खाट झाली. खाटेवर एक जाडसर पेशंट काहीबाही सांगत होता आणि भोवती विद्यार्थी खोळंबले होते. त्यांना ताटकळत ठेवणं बरं नव्हतं. रत्नपाल उठला.

"पेशंटचं नाव?"

"आं? गोपीचंद," गोपीचंदराव दचकून म्हणाले.

"हात धुवायला पाणी आणा."

पाणी आलं. पाहुण्याला पाणी देणं रीतीत बसत होतं.

"शर्ट काढा."

हे मात्र बसत नव्हतं. गोपीचंदरावांनी बायकोकडं पाहिलं. रत्नपालचे वडील नरसिंगराव घाईघाईनं म्हणाले, "काढा जी. मोठ्या दवाखान्याची पद्धत असंल."

रत्नपालनं त्यांच्या छातीवर बोटानं टकटक केलं, बाजारात कलिंगड पारखतात तसं. मग कान लावून ऐकलं.

"बिडी?"

"छ्या! कवाच सोडली."

"पाहिलंत?" रत्नपाल गोपीचंदरावांच्या बायकोकडं, निर्मलाबाईंकडं वळला. "पेशंट पहिल्यांदा नेहमी नाहीच म्हणतो. म्हणून परत विचारायचं. मायेनं. किती ओढता, काका?"

आवाज इतका मऊ होता, की गोपीचंदरावांना आपली मेलेली आई आठवली. "एक बंडल," ते पुटपुटले. "धाब्यावर बसलं तर दोन."

"धाब्यावर का बसता?"

"घेतो थोडी. पोरगी जाईल, घर खायला उठंल, असं वाटलं की छातीत कळ येऊन राहिली. कोणाला सांगावं?"

निर्मलाबाईंच्या हातातलं पोह्यांचं ताट खणकन खाली पडलं. "काय म्हनले? विहारात भंतेजींपुढं पंचशील घेतलं व्हतं ना तुमी, दारूला शिवणार न्हाई म्हणून!"

त्या आवाजानं रत्नपाल जागा झाला. त्याच्या हातात होणाऱ्या सासऱ्याची नाडी होती. सासरे उघडे होते. चतुराबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"तपासलं झकास," गोपीचंदराव विषय बदलत म्हणाले. "आता सुई द्या."

"सुईची गरज नाही, काका," रत्नपाल चाचरत म्हणाला. "बिडी सोडा. आणि ती कळ कशाची आहे ते आमच्याकडं येऊन नीट बघून घेऊ."

"ऐकलं का?" गोपीचंदराव उजळले. "तपासण्यापर्यंतच आलं पोरगं! सुईपर्यंत अजून शिकवलंच न्हाई! अशाला मी काहून देऊ लेक?"

चतुराबाईंनी पदर डोळ्याला लावला. हे चौथं ठिकाण होतं.

"पाहुणे जाऊ द्या, सुई मी देते तुमाला," निर्मलाबाई म्हणाल्या. "तीस वर्षांत मला कळलं न्हाई ते ह्या लेकरानं चहा व्हायच्या आत काढलं. माझ्याकडून पास हाय पोरगं. करुणा, तुझं काय?"

दाराआडून सगळं ऐकत उभी असलेली त्यांची लेक करुणा चहा घेऊन आली. कप पुढं करत हळूच म्हणाली, "तुमी झोपेत होता ना?"

रत्नपालचा चेहरा पडला. "कसं ओळखलं?"

"जागा माणूस आमच्या बाबाला शर्ट काढा म्हणलाच नसता."

"मग आता?"

"झोपेत एवढं मायेनं विचारणारा जागेपणी वरडून वरडून किती वरडंल?" असं म्हणून तिनं आईकडं बघत मान हलवली.

लग्न झालं. गोपीचंदरावांची कळ खरीच निघाली. जावयाच्या इस्पितळात वेळेवर इलाज झाला म्हणून निभावलं. पुढं रत्नपाल सहयोगी प्राध्यापक झाला, मग प्राध्यापक. गोपीचंदराव नाक्यावरच्या हॉटेलात बाकड्यावर बसतात, नुसता चहा पितात. कुणीतरी खवचटपणे विचारतंच, "काय मामा, जावई अजून कालेजातच?"

"लई हुशार माणूस हाय," गोपीचंदराव बशीत चहा ओतत सांगतात. "कालेजवाले सोडूनच न्हाई राहिले."